ठरलेलं लेकरू

देवानंदनं कोणतं लेकरू दत्तक घ्यायचं, हे घरात केव्हाच ठरलं होतं. त्याच्या आईनं, गिरिजाबाईनं, ते ठरवलं होतं आणि तिच्या धाकट्या लेकानं, कडूबानं, मान डोलावली होती. कुंभार पिंपळगावला दिलेल्या नणंदेनं, केशरबाईनं, "भावाचं भावाच्या घरात जातंय, बाहेर कुठं जातंय?" म्हणून त्यावर शिक्का मारला होता. विचारलं नव्हतं ते फक्त देवानंदला. दोन वर्षांपूर्वी, दुष्काळात, कडूबाच्या तिसऱ्या पोराच्या बारशाला तो विलायतेहून आला तेव्हा त्याच्यासमोर ही गोष्ट निघाली होती. तो जमिनीकडं बघत बसला. आणि त्याच्या बापाच्या, तातेरावांच्या घरात जो बोलत नाही त्याचा होकार धरायची रीत होती.

म्हणून आज सकाळपासून कडूबाची बायको चांगुणाबाई त्या तिसऱ्या पोराला, संपतला, सजवत होती. अंगाला तेल, नवं झबलं, डोळ्यांत काजळ. हुरड्याचे दिवस होते, हवेत गारठा होता, पोरगं कुडकुडत होतं, पण रडत नव्हतं. सहा महिन्यांपासून तिनं त्याला आपल्याजवळ निजू दिलं नव्हतं. सासूनं सांगितलं होतं, "आत्तापासून तोड. मंग तिकडं गेल्यावर त्याला जड जायचं न्हाई." पहिले काही दिवस तो आजीच्या वाकळीतून उठून तिच्याकडं यायचा. ती त्याला परत नेऊन टाकायची. मग त्यानं यायचं सोडलं. तो येत होता तेव्हा जेवढं लागलं नव्हतं तेवढं, त्यानं यायचं सोडल्यावर तिला लागलं. पण हे सांगणार कुणाला?

दुपारी परतूर स्टेशनावरून बैलगाडी आली. बैल पुरते थांबायच्या आत कडूबा खाली उतरला आणि कुणाच्या नजरेला नजर न देता जू सोडायला लागला. मागून देवानंद उतरला, कोटाची घडी हातावर. त्याच्या मागून त्याची बायको उषाबाई. तिच्या खांद्यावर पिवळ्या लोकरीचं गाठोडं होतं आणि ती ते एका हातानं थोपटत होती.

"अगं बया!" केशरबाई ओट्यावरून उठली. "गिरिजा, तुह्या सुनेची कूस उजवली की गं!"

गिरिजाबाईचं तोंड असं फुललं की चांगुणाबाईनं नजर फिरवली. सासूचं हे तोंड तिच्या तीन पोरांच्या वेळीही असं फुललं नव्हतं.

"कव्हा झालं? कळवलं काहून न्हाई? पोरगा का पोरगी?" म्हणत गिरिजाबाई धावली आणि तिनं लोकर बाजूला सारली.

आत आठ-नऊ महिन्यांची पोर होती. काळीभोर. त्यांच्या गावात, आष्टीतही, काळी माणसं कमी नव्हती, पण हा रंग त्यांच्यातला नव्हता. नाक बसकं, ओठ जाड आणि डोक्यावर मिऱ्यांसारख्या बारीक गुंडाळ्या झालेले केस. पोरीनं सगळ्यांकडं एकेकदा पाहिलं आणि जांभई दिली.

गिरिजाबाईचा हात लोकरीवर होता तसा राहिला. मग तिनं तो पदराला पुसला.

"हे कोणाचं हाय?" केशरबाईनं विचारलं.

"आमचं," उषाबाई म्हणाली.

"माय, आत बस. सांगतो," देवानंद म्हणाला.

"हितंच सांग. सगळ्यांला ऐकू दे."

मुंबईपासून परतूरपर्यंत देवानंदनं मनात वाक्यं जुळवली होती. बैलगाडीत मागं बसून त्यानं ती फक्त गाडी हाकणाऱ्या कडूबाला ऐकवली. कडूबा काही गरज नसताना बैलांना मारत राहिला. आता आईसमोर ती वाक्यं देवानंदला आठवेनात. बर्मिंगमच्या दवाखान्यात तो रक्त तपासायचा, गोऱ्या डॉक्टरांना त्यांच्या तोंडावर चुका दाखवायचा. इथं अंगणात उभं राहिल्यावर तो आठवीतला पोरगा झाला.

"हिची माय आमच्याच दवाखान्यात कामाला व्हती," तो म्हणाला. "तिकडची बी न्हाई ती. समुद्रातल्या एका बेटावरनं आलेली, जमैका म्हणून हाय. लगीन झालेलं नव्हतं. लेकरू अनाथालयात ठिऊन निघून गेली. तिथं गोरे लोक येत्यात, बघत्यात आन गोरं लेकरू घेऊन जात्यात. ही तशीच पडून राह्यली व्हती. आम्ही कायद्यानं घेतली. रूबी नाव हाय तिचं."

"रूबी?" केशरबाईनं नाकाला पदर लावला. "आमच्या देशमुखाच्या कुत्रीचं नाव हाय रूबी."

कुंपणापलीकडं कुणीतरी हसलं. बौद्धवाडा जमायला लागला होता.

"शिद्दी दिसती," केशरबाई पुढं म्हणाली. "निजामाच्या रिसाल्यात असायचे तसे. म्या लहानपणी पाह्यलेत. घोड्यावर बसलेले, असंच नाक, असेच केस."

"विलायतेला जाऊन कमाई काय केली तर ही," गिरिजाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं देवानंदला वाटलं. "अरे, काळंच लेकरू पाहिजे व्हतं तर परतूरच्या स्टेशनावर मिळालं असतं. इमानाचा खर्चा काहून केला? आन तुझ्या तोंडानं तूच सांगून राह्यला की गोऱ्यांनी बघून टाकून दिली. म्हंजी गोऱ्यांचं उष्टं तू उचललंस."

"गिरिजा!"

तातेराव इतका वेळ खांबाला टेकून उभे होते. 'उष्टं' हा शब्द निघाला तसे ते पुढं आले. त्यांची आई गावातून भाकरतुकडा मागून आणायची. टोपलीवर फडकं टाकून, मान खाली घालून. तो शब्द या घरात कुणी उच्चारत नसे.

"काय खोटं बोलले?" गिरिजाबाई म्हणाली.

"बराबर बोलली ती," केशरबाईनं वहिनीची बाजू उचलली. "दादा, राग मानू नको, पण इचारावं लागतं. उद्या ह्या पोरीचं लगीन करायचंय. ह्या लेकराची जात कोणची?"

तातेरावांना हसू आलं. छप्पन साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. घरातले देव त्यांनी टोपलीत घालून विहिरीत सोडले, तेव्हा हीच केशर वर्षभर त्यांच्याशी बोलली नव्हती.

"केशर, तुला कोणी जात इचारली तर तू काय सांगती?"

"मी? बौद्ध हाव म्हणते."

"आन त्यानं पुन्हा इचारलं, की बाई, आधीची कोणची, तर?"

केशरबाई पदराचं टोक पिळायला लागली.

"तव्हा कसं वाटतं तुला? मंग दीड वितीच्या पोरीला ते इचारू नको."

कुंपणापलीकडचं हसू थांबलं. देवानंदला वाटलं, सुटलो. पण गिरिजाबाई नवऱ्यासोबत चाळीस वर्षं राहिली होती.

"लई शहाणे हात तुमी," ती म्हणाली. "भाषण बिलकुल बराबर केलं. मंग आता घ्या की नातीला मांडीवर. कोण नको म्हणतंय?"

उषाबाईनं पोर पुढं केली. तातेरावांनी हात अर्धे वर आणले. पोरीनं ओला तळवा त्यांच्या मनगटावर ठेवला आणि त्यांचे हात आपोआप मागं आले.

"हात धुऊन येतो," ते म्हणाले. रांजणापाशी न जाता ते सरळ फाटकातून बाहेर पडले.

गिरिजाबाई हसली. त्या हसण्यात आनंद काडीचा नव्हता. "गेले बघ तुझे बुद्ध!" ती देवानंदला म्हणाली.

आत्तापर्यंत बैलांना वैरण टाकत असलेला कडूबा तेव्हा समोर आला.

"भाऊ, मला येकच सांग. माह्या लेकरात काय खोट व्हती?"

"कसली बी खोट न्हाई, कडूबा."

"मंग? त्या दुष्काळात तू कोट घालून आल्तास. मी रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडत व्हतो. माह्या हाताला फोड व्हते, तुला दाखवले बी म्या. तव्हा हितंच बसून गोष्ट निघाली. तू नको म्हणला न्हाईस. दोन वर्षं मी गावात सांगत फिरलो, माहा संपत इंग्लंडला जाणार, डॉक्टर होणार. आता लोकांला काय सांगू? भावानं रस्त्यावरचं घेतलं आन माहं टाकलं?"

देवानंद पुन्हा जमिनीकडं बघायला लागला, तेव्हा उषाबाईला त्याचा असा संताप आला की आपण इथवर धरलेली जीभ तिनं सोडली.

"मला विचारा, कडूबा भाऊजी. ते बोलायचे नाहीत, मी बोलते. संपतच्या बारशाला मी इथंच होते. अकरा वर्षं मूल नाही मला. पाळण्यापाशी बसले आणि एकदा, एकदाच, त्याला उचलून घेतलं. आत्याबाईंनी, तुमच्या आईनं, माझ्या हातातून त्याला काढलं. आणि माझ्या देखत त्याच्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. वांझेची नजर लागली म्हणून. त्या मिरच्यांनी सगळं घर खोकत होतं. मीही खोकत होते. जे लेकरू माझ्या हातानं बाटतं, ते आता माझ्याच पदरात टाकताय? कशासाठी? मला आई करायला, का त्याला डॉक्टर करायला?"

केशरबाईनं सवयीनं वहिनीकडं पाहिलं, पण वहिनी चुलीच्या दिशेला बघत होती.

"बरं झालं," चांगुणाबाई म्हणाली.

कडूबा गर्रकन वळला. "तू गप बस."

"काहून गप बसू? लेकरू माहं. देऊ का नको, मला कोणी इचारलं व्हतं का? वैनीला इचारलं न्हाई, मला इचारलं न्हाई. बरं झालं भाऊजींनी दुसरं आणलं. काळं आणलं, निळं आणलं, माहं तर वाचलं!" आणि ती ओट्यावर बसलेल्या संपतकडं गेली. "चल रं राजा. चल माह्याकडं."

संपतनं तिच्याकडं पाहिलं. मग तो सरकत सरकत आजीच्या मागं गेला आणि त्यानं आजीचं लुगडं धरलं. चांगुणाबाईनं दोनदा हाका मारल्या.

तातेराव दिवस कलल्यावर परतले. गावातल्या चहाच्या हॉटेलात त्यांना कुणी थट्टेनं म्हणालं होतं, "तातेराव, लेकानं हबशी आणला म्हणं!" आणि त्यांनी त्या माणसाला काहीही उत्तर दिलं नव्हतं. सगळ्या आयुष्यात सभेत उभं राहून बोललेला माणूस, पण हॉटेलात गप्प चहा प्यायला आणि उठला. येताना रस्ताभर ते स्वतःला शिव्या देत आले. उषाबाई ओट्यावर पोरीला भात भरवत होती. ते तिच्यासमोर येऊन बसले.

"दे," ते म्हणाले.

तिनं लगेच दिली नाही. "हात धुतले का, मामा?" तिनं विचारलं.

त्यांनी मान खाली घातली. मग तिनं पोर दिली. त्यांनी ती ओझ्यासारखी ताठ धरली, आणि अंधार पडेपर्यंत तशीच धरून बसले.

दुसऱ्या दिवशी केशरबाई सकाळच्या एस्टीनं कुंभार पिंपळगावला निघून गेली. जायच्या आधी पाण्याला जाऊन आली, त्यामुळं गोष्ट सगळ्या गावात बराबर पोचली. दिवसभर बाया येत राहिल्या. बघायच्या, तोंडाला पदर लावायच्या, जायच्या. गिरिजाबाई चुलीपाशी भाकरी थापत बसायची आणि कुणाला या म्हणायची नाही, जा म्हणायची नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारची सगुणाबाई आली. तिनं ओट्यावर नीट मांडी ठोकली, पोरीला वरून खालून न्याहाळलं आणि म्हणाली, "गिरिजाबाई, तुमचा लेक शिकला पण येडाच राह्यला. काळंच लेकरू पाहिजे व्हतं तर परतूरच्या स्टेशनावर मिळालं असतं की!"

वाक्य गिरिजाबाईचंच होतं, शब्दाला शब्द. पण दुसऱ्याच्या तोंडातून परत आलं तेव्हा ते तिला वेगळंच ऐकू आलं. परातीतला हात थांबला.

"तुह्या घरात लई चांदणं सांडून राह्यलं का गं?" ती म्हणाली. "तुहा धाकटा जन्मला तव्हा सुईण त्याला तवा समजून चुलीवर ठेवीत व्हती. म्या काढून घेतला, म्हणून वाचला. ऊठ. भाकरी करायच्यात मला."

सगुणाबाई उठून गेली. गिरिजाबाईनं भाकरी थापून तव्यावर टाकली आणि कुणाकडंही न बघता म्हणाली, "आम्ही बोलू. आमचं हाय. हिला काय अधिकार?"

'आमचं हाय' हे काय आहे, ते तिनं सांगितलं नाही.

त्याच सकाळी न्हाणीपाशी उषाबाई पोरीला पाटावर बसवून तांब्यानं पाणी घालत होती. तिकडं ती टबात आंघोळ घालायची; इथं टब नव्हता, आणि लेकराला धरायचं कसं हे तिला सुचत नव्हतं. पोर निसटत होती, किंचाळत होती. गारठ्यानं तिचं अंग उलून राखेसारखं पांढरं पडलं होतं. मागच्या बाजूला केसांची घट्ट जट झाली होती. कंगवा त्यात रुतायचा आणि उषाबाई घाबरून सोडून द्यायची.

गिरिजाबाई दारात उभी राहून बघत होती.

"हे काय चाललंय? आंघोळ चालली का लेकराचा जीव घ्यायचा हाय? नाकात पाणी गेलं तिच्या. अगं, डोकं धर! मानंखाली हात घाल! एवढं शिकली, काय शिकली? दवाखान्यात नर्स हाय, चाळीस माणसाचं औषध करती म्हणं, आन येक लेकरू धुता येईना. हो बाजूला."

"आत्याबाई, मी घालते..."

"काय घालती? सरक."

तिनं लुगडं गुडघ्यावर खोचलं, पाटावर बसून पाय लांब केले आणि पोरीला पालथं घालून नडग्यांवर घेतलं. चांगुणाबाईला हाक मारून करडीचं तेल कोमट करून मागवलं. मग ते अंगठ्यांनी पाठीत जिरवायला सुरुवात केली. पोर आधी ओरडली, मग हुंदके देत राहिली, मग नुसतीच फुरफुरायला लागली.

"बघ, कातडं कसं फुटलंय. दोन येळा तेल पाहिजे ह्या अंगाला, ते बी भरपूर. आन हे केस! असे केस कोरडे ठेवत्यात व्हय? कंगव्यानं काय ओढती, आधी तेलात भिजव, मंग बोटानं सोडव. येक येक बट. लेकराची माय हाय का कोण हाय तू? माय असून एवढं कळू ने?"

उषाबाई ओल्या फरशीवर तशीच उभी होती. अकरा वर्षं सासूनं तिला मीठ जास्त पडलं म्हणून, पत्र उशिरा आलं म्हणून, जाडजूड चप्पल घालते म्हणून सुनावलं होतं. लेकरावरून कधी बोलायची वेळच आली नव्हती. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्याच वेळी तिला दिसलं की सासू पोरीचं नाक चिमटीत धरून वर ओढते आहे.

"नाक ओढू नका तिचं," ती म्हणाली.

"बसकं हाय. रोज ओढलं की येतं वर."

"असू द्या बसकं. हात काढा."

गिरिजाबाईनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. या सुनेनं तिला असा हुकूम कधी केला नव्हता. चांगुणाबाई तेलाची वाटी घेऊन तिथंच उभी राहिली.

"पाच बाळंतपणं झाली माही," गिरिजाबाई म्हणाली. "मला शिकवू नको." पण तिनं नाकावरचा हात काढला आणि पुन्हा पाठीला तेल लावायला लागली.

त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही. देवानंद महिनाभर राहिला, तेवढ्यात कडूबा त्याच्याशी कामापुरतं बोलला. एकदा देवानंद शेतात त्याच्यामागं गेला आणि म्हणाला, संपत शाळेत जाऊ दे, त्याच्या शिक्षणाचं मी बघतो. कडूबा म्हणाला, "शिक्षणाचं मी बघीन. तू पुढच्या येळी तोंड उघडायचं तेवढं बघ." चांगुणाबाईनं संपतला रोज रात्री आजीच्या वाकळीतून उचलून आपल्याजवळ आणलं, तो रोज उठून परत जायचा. निघायच्या आठवड्यात एकदा तो तिच्याकडंच झोपून राहिला. सकाळी तिनं हे कुणाला सांगितलं नाही, फक्त चूल पेटवायला उशीर केला.

गिरिजाबाईचं तोंड तर शेवटपर्यंत बंद झालं नाही. पोरीच्या नावाला ती हसली, तिच्या खाण्याला हसली, भाकरी चघळून थुंकली तेव्हा "साहेबीण हाय" म्हणाली. निघायच्या दिवशी गाडी जुंपली, तातेरावांनी नात उषाबाईच्या हातात दिली, तेव्हाही गिरिजाबाई लांब ओट्यावरच उभी होती. निरोप घ्यायला देवानंद वाकला, त्याच्या पाठीवरून तिनं हात फिरवला, पण तिची नजर गाडीत होती.

मग ती खाली उतरली आणि गाडीपाशी येऊन करडीच्या तेलाची गच्च बूच मारलेली बाटली तिनं उषाबाईच्या अंगावर टाकली.

"तिकडलं ते पांढरं मलम लावू नको तिला," ती म्हणाली. "आन पुढच्या बारीला डोक्याची अशी जट करून आणलीस ना, तर मी सांगून ठिवते. तुला येकटीला परत लावून देईन. पोरगी ठिऊन घेईन."